जिल्हा होऊ दे, मग बघू

मॅट्रिकनंतरच्या त्या चार वर्षांत मला कुणीही अडवलं नव्हतं. गावानं नाही, घरानं तर नाहीच. हे लिहायला लाज वाटते, म्हणून आधीच लिहून टाकते.

रेणापूरजवळच्या आमच्या गावात, आमच्या बौद्धवाड्यात मॅट्रिक झालेल्या मुली दोनच: एक मी आणि दुसरी माझी मैत्रीण. सरकारी नोकरी हवी तर सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, आणि ते होतं उस्मानाबादला. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता. होणार, होणार अशी नुसती हवा होती. त्या हवेवर अख्खं गाव चालायचं. कुणाची जमिनीची तक्रार अडली, कुणाचा पेन्शनचा कागद राहिला, की पारावर तंबाखू मळत लोक म्हणायचे, "जिल्हा होऊ दे, मग बघू." एसटीत हाडं कोण खिळखिळी करून घेणार? माझा थोरला भाऊ, दादा, तेच म्हणायचा. मीही मान डोलवायचे. मला ते फार सोयीचं होतं.

त्यात पावसानं दगा दिला. आम्ही दोघी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायला लागलो. मग तर मला भक्कम कारणच मिळालं. "दुष्काळ हाय, खाडा कसा करू?" हे मी इतक्यांदा म्हटलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. मैत्रिणीनं मात्र एक दिवस खाडा केला आणि उस्मानाबादला नाव नोंदवून आली. दुसऱ्या दिवशी हातोडी चालवता चालवता तिनं मला सगळं सांगितलं. "जिल्हा झाला की मी बी जाते," असं म्हणून मी मोकळी झाले.

जिल्हा झाला. गुलाल उधळला, हलगी वाजली. दादा तर असा नाचला, जणू कलेक्टर तोच होणार होता. लातूरला नवं कार्यालय उघडल्यावर मी गेले. कारकुनानं माझं नावनोंदणीचं कार्ड केलं आणि म्हणाला, "बाई, उस्मानाबादची जुनी नावं तारखेसकट इकडं आलीत. बोलावणं त्यांना आधी. तुमचा नंबर लई मागं हाय."

"दुष्काळ होता हो," मी म्हणाले.

"त्यांना नव्हता का?" त्यानं मान वर न करता विचारलं.

तोंडात मारल्यासारखं झालं. पंधरवड्यात मैत्रिणीला मुलाखतीचं पत्र आलं. मला तिचा राग आला, मग माझा आला. हा दुसरा राग कामाचा निघाला.

टायपिंग येणाऱ्यांची यादी वेगळी असते आणि ती छोटी असते, हे त्याच कारकुनानं मी निघताना सांगितलं होतं. नांदेडला मावशी राहायची, तिच्या गल्लीत टायपिंगचा क्लास होता. मी कुणाशी न बोलता पिशवी भरली. दादा दारात हात आडवा लावून उभा राहिला.

"एवढी पेरणी उरकू दे. आन् कुणाला इचारून निघालीस?"

"चार वर्सं बसून राहिले, तवा कुणाला इचारलं नव्हतं, दादा. मग जाताना कशाला इचारू?"

त्यानं हात काढला नाही. मी त्याच्या हाताखालून वाकून बाहेर पडले आणि नांदेडची गाडी धरली.