नेलपॉलिशचा ठिपका

बाबांची जुनी टेलिफोटो लेन्स माझ्या नव्या कॅमेऱ्याला बसवली, तर पडद्यावर अक्षरं उमटली: लेन्स जोडलेली नाही. हातात चांगलं किलोभर वजन, आणि हा म्हणतो काही नाहीच! एक सेटिंग बदलल्यावर कुठे तो गप्प झाला. फोकस मात्र हातानेच करायचा. नवा कॅमेरा चेहरे आपणच शोधतो. या लेन्सला आधी सांगावं लागतं, किती लांबचं बघायचंय.

फोकसच्या रिंगवर बाबांनी आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला होता. "समोरच्या झाडावर खंड्या येतो ना, त्याच्यासाठी," ते म्हणायचे. ते गेल्यावर आज पहिल्यांदाच मी गॅलरीत उभी राहून रिंग त्या ठिपक्यावर आणली. झाड धूसरच राहिलं. त्याच्या मागचा बसस्टॉप मात्र लख्ख दिसू लागला. नोकरीत असताना आई रोज संध्याकाळी तिथे उतरायची.

"आई, इथे खंड्या यायचा?"

"खंड्या? जवळपास डबकं तरी आहे का?" असं म्हणत ती पिशवी घेऊन भाजीला गेली.

मी लेन्स हलवली नाही. माणूस यायच्या आधीच त्याचं अंतर लावून वाट बघायची, हे मला कधी जमलं नाही.

थोड्या वेळाने आई स्टॉपपाशी आली. रिंगला हात लावावा लागला नाही. तिथे क्षणभर थांबून तिने सवयीने गॅलरीकडे मान वर केली. मी हात हलवला. पण तिची नजर माझ्या शेजारी, बाबांच्या खुर्चीवर होती.