जोह्याच्या तळ्यातलं विमान

शांतीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते १९९५ च्या जुलैमध्ये. घरचा गणपती ठरवायला मी पेणहून जोह्याला गेलो होतो. जनूशेठच्या कारखान्यात दहा-बारा बायका मूर्तींचे पितांबर रंगवत बसल्या होत्या. त्यांतली एक, तिशीची, हातातलं काम थांबवून पलीकडच्या कारागिराकडे टक लावून बघत होती. तो आखणी करत होता, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखत होता. रेघ ओढताना तो श्वास रोखायचा, तेव्हा हीसुद्धा रोखायची.

"शांते, कुंचला वाळला तुझा," जनूशेठ ओरडले. "डोळं काय बघून येतात?"

"बघूनच येतात शेठ. करायला कुठं देताव?"

बायका खुदखुदल्या. जनूशेठ मला म्हणाले, "गुरुजी, हात चांगला हाय तिचा. पण पितांबर बिघडला तर परत रंगवता येतो, डोळा बिघडला की मूर्ती गेली. भरवसा कशावर ठेवू?"

माझा मावसभाऊ कमळाकर रोह्याला राहतो. तो हवाई दलात मेकॅनिक होता आणि एकाहत्तरच्या लढाईत नॅट नावाच्या लहानशा लढाऊ विमानांची देखभाल करायचा. १९९६ च्या डिसेंबरात त्या लढाईला पंचवीस वर्षं होणार, म्हणून रोह्याच्या एका शाळेनं प्रदर्शन ठरवलं. कमळाकरनं नॅटची प्रतिकृती देतो म्हणून सांगून टाकलं आणि मग ती करणार कोण, हे मला विचारलं. गणपती झाले की कारखाने थोडे दिवस निवांत असतात. मी शांतीचं नाव सुचवलं.

जनूशेठनी परवानगी दिली, वर एक अटही घातली. "विमानावरची बारीक अक्षरं आन् आकडे सरळ आले, तर येत्या साली लहान मूर्तींचे डोळे हिला देईन."

त्या दिवसापासून शांतीला दुसरं काही सुचेना. कमळाकरनं फोटो आणि मापं आणून दिली होती. खऱ्याच्या विसाव्या हिश्शाचं, पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीचं विमान तिनं तारेच्या सांगाड्यावर प्लास्टरमध्ये घडवलं. रंगात मात्र सवयीनं चमक घातली.

"अगं, हे असं चमकलं तर शत्रूला लांबून दिसेल!" कमळाकर म्हणाला.

"मग देखणं कसं दिसंल काका?"

"दिसूच नये म्हणून तर रंग द्यायचा."

शांती हसत सुटली. "आमच्याकडं सगळं उलटं!" मग तिनं सगळं खरवडलं आणि भातकापणीनंतर शेताला येतो तसला मातकट रंग आणि मळका हिरवा कालवला. कमळाकरनं विमान उचलून उजेडात धरलं. "हाच," एवढंच म्हणाला.

आता फक्त अक्षरं राहिली होती. प्रदर्शनाला तीन दिवस असताना आम्ही जोह्याला गेलो, तर विमान ठेवलेला पाट रिकामा. शांती भिंतीला टेकून बसली होती.

"विमान कुठाय?"

"तळ्यात. पंखाला तडा गेला काका. खंडित झालं, म्हणून सकाळीच सोडलं."

रंगलेली मूर्ती भंगली की सांधायची नाही, पाण्यात सोडायची, हे तिला लहानपणापासून ठाऊक. विमानाबरोबर मूर्तींचे डोळे रेखायची संधीही गेली असं धरून ती रडून मोकळी झाली होती.

"अगं बाये, ते विमान हाय, देव नाय!" कमळाकरनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि साठीचा माणूस सरळ तळ्यात उतरला. काठाजवळच सापडलं. नाक चिखलात, शेपूट वर.

"हे बघ," ते पुसत तो म्हणाला, "आमच्याकडं गोळ्या लागून पंख फाटलेली विमानं यायची. आम्ही काय ती बुडवली? पत्र्याचं ठिगळ मारायचो, वर रंग, की उद्या परत आकाशात."

"आन् ठिगळ दिसायचं?"

"दिसंना का! पायलटला त्याचं काय?"

शांतीनं विमान त्याच्या हातातून घेतलं. दोन दिवस ते उन्हात वाळवलं, तडा प्लास्टरनं भरला, रंग दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत बारीक कुंचल्यानं तिनं शेपटीवरचे आकडे, अंगावरची अक्षरं आणि पंखांवरची तिरंगी वर्तुळं काढली.

जनूशेठ चष्मा लावून आले. अक्षरं पाहिली, मग विमान वर-खाली करून पंख पाहिला.

"तडा कुठं गेलता?"

शांतीनं बोट ठेवून दाखवलं. त्यांनी नख फिरवून खात्री केली. "अक्षरं सरळ हायेत. पण डोळा असा सांधता येत नाय हां."

"ठावं हाय शेठ."

"म्हणून पयल्या साली सहा इंचीच देतो."

विमान त्याच दुपारी एस.टी.त कमळाकरच्या मांडीवर बसून रोह्याला गेलं.

याला तीन वर्षं झाली. शांती आता जनूशेठच्या कारखान्यात दीड फुटापर्यंतच्या सगळ्या मूर्तींची आखणी करते.