कासोट्याचा सापळा

"मुकी हाय का गं ती पोरगी?"

शेजारच्या शेलू गावच्या टीममधल्या एका बाईने हे माझ्याबद्दल विचारलं. उत्तर द्यायला मी तोंड उघडेपर्यंत आमच्या इंदूवहिनीने सांगूनही टाकलं, "नाय गं, इंग्रजी शाळेत शिकलीय." त्या बाईने हळहळून मान हलवली.

मी मुकी नव्हते. कल्याणच्या कॉन्व्हेंटमधून नुकतीच कॉलेजात गेले होते आणि नाताळच्या सुट्टीत कळंबजवळच्या गावी, शेवंताकाकीकडे आले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. झोडणी उरकून खळं मोकळं झालं की आमच्या गावच्या बायका शेलूच्या बायकांशी कबड्डी खेळायच्या. त्या वर्षी आमची सातवी खेळाडू ऐन वेळी बाळंतपणाला माहेरी गेली. इंदूवहिनी, म्हणजे आमची कॅप्टन, मला म्हणाली, "तू नुसती उभी राहा. काय करू नको."

हे मला जमण्यासारखं होतं.

पण त्या दिवशी खरी काळजी माझी नव्हती, काकीची होती. काकी पन्नाशीची, गोल, गुडघ्यांनी कुरकुरणारी. पळणं नाही, उडी नाही. तिच्याकडे फक्त एक डाव होता. चढाई करणारी बाई जवळ आली की काकी एकदम ओशाळायची, हात मागे न्यायची आणि सुटलेला कासोटा खोचायला खाली वाकायची. समोरची गाफील राहायची किंवा हसायची, आणि तेवढ्यात तिचा घोटा काकीच्या मुठीत!

पण एव्हाना हा डाव खोपोलीपर्यंत सगळ्यांना पाठ झाला होता. शेंबडी पोरंसुद्धा ओरडायची, "बघू नको, सापळा हाय!" म्हणून इंदूवहिनीने सकाळीच बजावलं होतं, "काकी, आज डाव नाय लागला, तर पुढच्या साली तुमी बाहेर. पान्याच्या हंड्यापाशी."

काकी अंगणात जाऊन कोंबडी धरायला लागली. (हरो की जिंको, शेलूच्या बायकांना जेवायला घालण्याची रीत होती.) 'धरायला लागली' म्हणजे तांदूळ निवडत बसली. कोंबडीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. कोंबडी मात्र हळूहळू जवळ आली, अजून जवळ आली, आणि काकीने मान वर न करता तिची तंगडी धरली.

"काकी! कसं गं?" मी विचारलं. (घरात मी बोलत असे.)

"तिच्याकडं बघायचं नाय, बाय. आपल्याच अडचनीत हावोत असं करायचं. सोळाची व्हते, नवी नवरी. सासू म्हनाली, पावने आलेत, कोंबडी धर. समदं अंगन पळाले, गावंना! वर कासोटा सुटला, पावन्यांसमोर! लाजून मटकन बसले खोचत. तर ही बया माझ्या पायाशी हजर!"

"मग?"

"मग काय! एका हातात कासोटा, एका हातात कोंबडी. पन एकदा सुटून गेलेली कोंबडी परत नाय फसत. ती लय शानी." एवढं बोलून तिने कोंबडी टोपलीखाली झाकली. शेलूच्या बायकाही शहाण्या झाल्या होत्या.

म्हणजे डावाचं नाव, गाव, कुळ, सगळं मला त्या सकाळी ठाऊक झालं होतं. हे कृपया लक्षात ठेवावं.

खेळ सुरू झाला. माझी चढाईची पाळी आली तेव्हा मी रेषा ओलांडली आणि पंच म्हणून उभ्या असलेल्या शाळेच्या गुरुजींनी शिट्टी मारली. "दम ऐकू येत नाही. बाद!"

मी कबड्डी कबड्डी म्हणत होते. मनात.

काकीने दोनदा डाव टाकला. दोन्ही वेळा शेलूच्या बायका लांब उभ्या राहून म्हणाल्या, "खोचा, काकी, सावकाश खोचा!" सगळं खळं हसलं. काकीही हसली, पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले.

शेवटी गुण सारखे झाले. मी परत आत आले होते, काकीच्या शेजारी. शेवटची चढाई शेलूच्या यमुनेची. उंच, चपळ, तीन वर्षांपूर्वी याच सापळ्यातून निसटलेली! ती दम घुमवत आमच्या कोपऱ्याकडे आली. काकी थबकली. तिचा चेहरा पार उतरला, हात मागे गेला, डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. एवढ्या लोकांत! मला दुसरं काही सुचलं नाही. मी किंचाळले, "काकी, कासोटा सुटला!"

यमुनेचा दम तुटला नाही, पण मान वळली. घोटा मुठीत.

मग जो गोंधळ झाला! इंदूवहिनीने मला उचललंच. "काय बेरकी पोरगी! दिवसभर गप, आनि नेमक्या टायमाला!" यमुना धूळ झटकत म्हणाली, "म्हातारीला मी फसले नसते. पन मुकी बोलली म्हनल्यावर खरंच वाटलं!" काकीचा कोपरा वाचला. हंड्यापाशी पुढच्या साली दुसरं कोणीतरी बसणार होतं.

जेवणं झाल्यावर खळ्यावरच माझा सत्कार ठरला. नारळ, हळदीकुंकू आणि दोन शब्द. "सांग गं, कसं सुचलं तुला?" दोन्ही गावच्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मी खरं सांगायचं ठरवलं. मी नाटक केलंच नव्हतं, सगळं माहीत असूनही मी फसले होते, कला होती ती काकीची. वाक्य तयार होतं. ओठ उघडेनात. एक मिनिट गेलं, दोन गेली.

माझी ही अवस्था बघून काकीच नारळ घेऊन उठली. चार पावलं आली आणि मध्येच थबकली. चेहरा पार उतरला. हात हळूच मागे गेला.

आणि दोन गावांसमोर मी अखेर मोठ्याने बोलले,

"काकी, कासोटा सुटला!"