अक्कांचा गोठा

गाव सोडलं तेव्हा माझी धाकटी बहीण मंगल सहा महिन्यांची होती. टेम्पोच्या हौद्यात एक पेटी, दोन गाठोडी आणि माझ्या मांडीवर ती. गावात हाताला काम उरलं नव्हतं. कबनूरला आल्यावर आप्पा एका शेडात कापडाच्या मागावर लागले, आई त्याच शेडात सुताच्या कांड्या भरायला. ते कामाला गेले की मंगलला सांभाळायची मी. चौथीच्या पटावर नाव होतं, पण शाळा आठवड्यातनं एखादा दिवस. गल्लीतल्या सगळ्या थोरल्या पोरींचं हेच. ज्या घरात थोरली नसे, तिथं आई पोराच्या कमरेला जुनं लुगडं बांधायची, टोक खाटेच्या पायाला अडकवायची आणि कामाच्या पाळीला जायची. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी मंगलला मीच बांधलं. आई म्हणाली, "सुताची गाठ मार. वढंल तशी आवळली पायजे." मागावर तुटलेला धागा जोडताना मारतात ती गाठ, आमच्याकडं पोरांनाही येते. मी मारली आणि पेपरला गेले.

मागं घरात चुलीतला निखारा जाळणासाठी शेडातनं आणलेल्या सुताच्या गुंत्यावर पडला. मंगलची किंकाळी ऐकून शेजारच्या अक्का धावत आल्या. त्यांनी लुगडं ओढलं, तशी गाठ आणखी आवळली. शेवटी विळीनं कापलं. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात मंगल वारली.

आईनं मला कधी बोल लावला नाही, मीही तिला नाही. त्या गप्पपणातच आम्ही वर्षानुवर्षं जेवलो.

अक्का लिंगायत, विधवा, दोन म्हशींवर संसार. मंगलचे दिवस झाले आणि त्यांनी म्हशी विकल्या. गोठ्याला चुना मारला, जमीन सारवली, दारोदार सांगत फिरल्या, "पोरं हितं आणून सोडा. बांधू नगासा." कट्ट्यावरचा एकजण हसला, "अक्का, म्हशी सोडून पोरं पाळतीस व्हय?" अक्का थांबल्यासुद्धा नाहीत. "म्हस दावं तोडून पळती तरी की रं. पोरानं काय करायचं?"

बायका जमेल तसं धान्य देत. पुढं पोरांबरोबर त्यांची दुखणीही गोठ्यात आली: नवऱ्याचा मार, रेशनचे कागद, क्षयाच्या गोळ्या. अक्कांची अट मात्र एकच. ज्या घरची थोरली शाळेला जाणार नाही, त्या घरचं धाकटं त्या घेणार नाहीत.

माझ्या घरात धाकटं उरलंच नव्हतं. मी पेपरला गेले म्हणून बहीण गेली, हे मनात धरून मी शाळा सोडून बसले होते. एका सकाळी अक्कांनी माझं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं.

"मंगलची थोरली हाईस न्हवं? मग चल."

गेले. बी.कॉम. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते. पुण्याला नोकरीवर निघाले तेव्हा अक्का स्टँडवर आल्या नाहीत. गोठ्यात पोरं होती.

आज माझी लेक डे-केअरला असते. फोनवर कॅमेरा दिसतो. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी तो पुन्हा पुन्हा उघडते, सोबतचे हसतात. हसू देत. गल्लीत राहिलेल्यांना यामागचं ठाऊक आहे. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी विसरू नये म्हणून लिहिते.

अक्का आता नाहीत. गोठ्याचं केंद्र झालं, पगारी ताई आल्या. आईनं कांड्या भरणं सोडलं, ती तिथं पोरांना जेवू घालते. मला म्हणाली, "एक भरवायची ऱ्हायली हुती, म्हणून हितं येतो." माझ्यापाशी मंगलचं नाव तिनं अजून घेतलेलं नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं, तर आमची ती खोली मला डोळ्यांपुढं आणवत नाही. केंद्राचा पत्ता सांगते.

आमच्या गल्लीत आज शाळेच्या वयाची एकही पोरगी घरी नाही.