आधी मेन बंद

खराडीच्या आयटी पार्कात मी वायरमन होतो. कॉम्प्युटर बंद पडलेले साहेबांना खपत नसत, म्हणून आम्ही चालू लाइनवरच कामं करायचो. सुपरवायझरच्या लायसन्ससाठी मी पुस्तक पाठ केलं. तोंडी परीक्षेत 'आधी मेन बंद करावा' हा नियम घडाघडा म्हटला. परीक्षकांनी भिंतीवरचा बोर्ड उघडायला सांगितला, तर मी सरळ स्क्रू काढायला लागलो. "अहो, नियम फक्त तोंडाला शिकवलात का?" ते म्हणाले. मी नापास झालो. मग सहा महिने घरात साधा बल्ब बदलतानाही मेन बंद केला. मालिका बुडाली की बायको विचारायची, "परीक्षा तुमची की माझी?"

लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात साहेब म्हणाले, "लाइन बंद न करता उरका." मी त्या मजल्याचा मेन बंद केला आणि मग त्यांना उत्तर द्यायला गेलो.