गंज नसलेली जीप

नाशिकहून निघताना बाबांनी मला एकच गोष्ट तीनदा सांगितली. "गंजकी आणू नकोस." पहिल्यांदा चहा पिताना, दुसऱ्यांदा मी बॅगेची चेन ओढताना, आणि तिसऱ्यांदा फाटकापाशी उभं राहून, रिक्षा सुरू झाल्यावर. रिक्षावाल्याला वाटलं, त्यालाच काहीतरी आणायला सांगताहेत.

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूमुळे त्यांना आता समोरचं तेवढं दिसतं, कडेचं सगळं गेलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जे दाखवायचं ते यंदाच दाखवून घ्या. मला वाटलं, काशी-रामेश्वर म्हणतील. ते म्हणाले, "जीप. आपली होती तसली. एकदा स्टिअरिंगवर बसून बघेन म्हणतो."

'आपली' म्हणजे सरकारची. बाबा चंद्रपूरच्या पुढे आलापल्लीला सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. माझं आठवीपर्यंतचं आयुष्य त्या जीपच्या मागच्या बाकावर गेलं असं म्हटलं तरी चालेल. सागाच्या जंगलातून जाताना वरून पानं पडायची ती थेट मांडीवर. गिअरच्या दांड्यावर बाबांनी स्वतः कोरलेला तेंदूच्या काळ्या लाकडाचा लट्टू होता, हातात लिंबासारखा बसणारा. मी आठवीत असताना ती जीप मुदतीआधीच भंगारात निघाली. तळ गंजून खाली रस्ता दिसायला लागला होता. साहेबांनी बाबांच्या नावावर शेरा मारला, वाहनाची निगा राखली नाही. बाबा घरी आले, शर्ट खुंटीला अडकवला आणि जेवले नाहीत. रोज गाडी पुसणाऱ्या माणसाच्या गाडीला गंज कसा लागला, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. आमच्या घरात गंज हा शब्दच निघत नसे.

जुन्या जीपा पुण्यातही मिळतात, हे मला दहा जणांनी सांगितलं. मिळतात, पण त्यांना लाल सीटं आणि कानठळ्या बसवणारे स्पीकर लावून ठेवलेले असतात. फोटो दाखवल्यावर बाबा म्हणाले, "ही जीप नाही, ही वरात आहे." म्हणून मी, बँकेतून निवृत्त झालेली आणि गाडीतला फक्त हॉर्न कळणारी बाई, चंद्रपूरला निघाले.

चंद्रपूरला सत्तारभाई घ्यायला आले होते. गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी आधी तर्री पोहे (वर झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खायला घातले. माझ्या डोळ्यांतून पाणी आल्यावर समाधानाने म्हणाले, "आता बोला."

मी सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. "बाई, जिथं चिपकन तिथं पत्रा. जिथं नाई चिपकन तिथं पुट्टी. माणूस झूट बोलन, हे नाई बोलत."

बाबांची तपासणी वेगळी होती. त्यांनी मला बजावलं होतं की गाडी मिळाली की फोन लावायचा, तळाशी धरायचा आणि बोटाच्या पेराने पत्र्यावर ठोकायचं. ते ऐकून सांगणार. सत्तारभाईंना हे सांगायला मला लाज वाटत होती. पण ते हसले नाहीत. "बराबर हाये. कानाले समजते," एवढंच म्हणाले.

पहिली जीप गावातच होती, एका ठेकेदाराच्या अंगणात. हिरवी, चकचकीत. सत्तारभाईंनी चुंबक दारावर लावलं, ते पडलं. मडगार्डवर लावलं, पडलं. बॉनेटवर लावलं तेव्हा कुठे कसंबसं टिकलं. तरी मी फोन लावला आणि ठोकलं. नाशिकहून बाबा म्हणाले, "पुट्टी. पुढे चल."

पुढे म्हणजे मूल गावावरून सिंदेवाही. दिवाळी होऊन गेली होती, दोन्ही बाजूंना धान कापून पडलं होतं आणि सगळ्या रस्त्याला तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) कोरडा वास होता. तो वास मी चाळीस वर्षांत घेतला नव्हता. खिडकीला नाक लावून बसले तर सत्तारभाईंनी विचारलं, "मळमळून राह्यलं का?" मी म्हटलं नाही, बरं वाटून राह्यलं. आपल्या तोंडातून 'राह्यलं' आलेलं ऐकून मीच दचकले.

सिंदेवाहीला एका भातगिरणीत कोंड्याच्या ढिगाशेजारी जीप उभी होती. मालक गृहस्थ वयस्क, अतिशय मोकळे. "पाऊस नाई लागला हिले, कोंड्यात ठेवेल हाये," असं ते अभिमानाने सांगत होते, आणि वरून खरंच एकही डाग नव्हता. चुंबक दाराला घट्ट बसलं. माझ्या जीवात जीव आला. मग सत्तारभाई खाली वाकले, तळाच्या पत्र्याला अंगठा लावला आणि तो अंगठा आत गेला.

"मीठ नेत होते का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"नेत होतो नं. बाजारात मीठ न्यायचं, मोहा आनायचा. माया बापाचा धंदाच होता तो."

बाहेर आल्यावर सत्तारभाईंनी मला समजावलं. "या इलाक्यात जुनी जीप म्हनलं की खालून मिठानं खाल्लेलीच रायते. जंगलात जाताना मीठ, येताना मोहा. मिठाचं पोतं ओलं झालं का पानी गळते, ते तळात बसते. पुसलं तरी जात नाई. तुमी साफ तळाची गाडी शोधून राह्यल्या, म्हनजे जी कदी कामाले लागली नाई तशी गाडी. अशी कुठी भेटन?"

मी ठोकून न ऐकवताच बाबांना फोनवर दुसरी नापास झाल्याचं कळवलं. कारण सांगितलं नाही. का कोण जाणे, मिठाचं नाव काढावंसं वाटलं नाही.

तिसरी मार्कंड्याला. देवळाचे जुने दगड ऊन खात बसले होते आणि खाली वैनगंगेचं पात्र पसरलं होतं. गाडी जत्रेत भाविकांची ने-आण करणाऱ्या एका तरुणाची होती. ती कुठे आहे विचारलं तर तो म्हणाला, "आंघोळ करून राह्यली." आम्ही घाटाखाली गेलो. जीप खरंच गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तो बादलीने तिच्या बॉनेटवर पाणी ओतत होता, पुढे हळदकुंकू लावलेलं. दर सोमवारी तिला गंगास्नान घालायचं, त्याच्या वडिलांपासूनचा नेम. सत्तारभाईंनी कपाळाला हात लावला. चासीच्या पोकळीत वर्षानुवर्षं नदी साठलेली होती. मी ठोकलं, बाबा म्हणाले, "हिच्या पोटात पाणी आहे." तो तरुण फोनकडे बघतच राहिला. नंतर त्याने आम्हाला नदीच्या माशाचं कालवण आणि भात खाऊ घातला आणि आजोबांना नमस्कार सांगितला.

आलापल्लीला पोचलो तेव्हा मी चिडलेली होते. बाबांवर, जीपांवर, स्वतःवर. आमच्या क्वार्टरच्या जागी कुंपण होतं आणि आत काहीच नव्हतं. विहीर तेवढी होती. सागाची झाडं मात्र जशीच्या तशी, माझ्याकडे बघायलाही तयार नसलेली. मी विहिरीच्या काठावर बसले आणि मला रडू आलं. सत्तारभाई जरा दूर जाऊन विनाकारण गाडीचं बॉनेट उघडून उभे राहिले. किती सभ्य माणूस.

परत येऊन ते म्हणाले, "एक गाडी हाये. आत एका गावात, मडावीच्या घरी. लिलावात घेतलेली, सरकारी. पन तुमच्या कामाची नाई बाई. तळ गेलेला हाये, फळ्या ठोकून चालवते. म्हनून सांगितलं नाई."

सरकारी म्हटल्यावर मी उठले.

गाव लहान होतं. अंगणात धान मळून पडलं होतं. लालसू मडावी चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. "जोहार," म्हणाला आणि आम्हाला मांडवाखाली घेऊन गेला. जीप तिथे उभी होती. वरचा पत्रा तेलाने काळपट चमकत होता, दर पावसाआधी ते तिला टोळीचं (मोहाच्या बीचं) तेल चोळतात. तळाला सागाच्या फळ्या. मी आत डोकावले आणि गिअरच्या दांड्यावर काळा लट्टू दिसला.

मी तो हातात धरला. तो तसाच बसला.

"ही आमची गाडी आहे," मी म्हटलं. मग चूक लक्षात आली. "म्हणजे तुमची. माझे वडील चालवायचे."

ओसरीवर बसलेली म्हातारी उठून आली. लालसूची आई, सोमीबाई. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. "तू डायवरसाबाची पोरगी?"

"हो."

"मिठाच्या डायवरसाबाची?"

मी लट्टूवरचा हात काढून तिच्याकडे वळले. सोमीबाईच बोलत राहिली. "पावसाळ्यात नाल्याले पूर. दोन दोन महिने बाजार नाई. घरात तांदूळ रायचा, मीठ नाई. अलोनी खाऊन खाऊन लेकरायले जेवन नको वाटे. डायवरसाबाची गाडी तेवढी नाल्यातून निंगे. साहेबाले नाई सांगे तो. सीटाखाली पोतं टाके, वर ताडपत्री. भिजून जाय, पानी गळे, पन घेऊन ये. आमी मोहा देतो म्हनलं तं हात जोडे. हा लालसू पोटात होता तवा मी ते मीठ खाल्लं." ती गाडीच्या तळाकडे हात करून म्हणाली, "त्यानंच सडली ही. लिलाव झाला तवा माया सासरा बोलला, आपली गाडी हाये, आपुन घेऊ."

चार दिवस मी गंज नसलेली गाडी शोधत होते. बाबा रोज गाडी का पुसायचे, कुठलं पाणी पुसायचे, ते मला आता कळलं. सरकारी गाडीतून परवानगीशिवाय मीठ नेलं हे सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून ते शेरा घेऊन घरी आले आणि गप्प राहिले. आणि मीसुद्धा, त्यांची मुलगी, इतकी वर्षं मनात कुठेतरी धरून होते की बाबांचंच काहीतरी चुकलं असणार. मला माझी फार लाज वाटली.

फोन लावायचा तर गावात रेंज नाही. रेंज फक्त तळ्याच्या पाळीवर (बांधावर) येते. पण ठोकायला गाडी हवी. तेव्हा लालसूने जीप चालू केली, सोमीबाई पुढे, मी आणि सत्तारभाई मागच्या बाकावर, अशी आमची वरात पाळीवर निघाली. वाटेत गाडी दोनदा बंद पडली, सत्तारभाईंनी दोन्ही वेळा उतरून धक्का मारला. वरून सागाचं एक पान पडलं, ते माझ्या मांडीवर.

पाळीवर मी खाली वाकले, फळीच्या कडेला उरलेल्या पत्र्यावर पेराने ठोकलं. आवाज आला तो ओल्या पुठ्ठ्यासारखा.

"गंज," बाबा लगेच म्हणाले. "सोडून दे. पुढे चल."

"बाबा, मिठाचा आहे."

मी उठून लट्टूवर हात ठेवला.

"काळा लट्टू आहे गिअरला," मी म्हटलं. "आणि सोमीबाई आहे इथे. बोलायचंय तिला."

सोमीबाईने फोन तोंडासमोर आरशासारखा धरला आणि ओरडून सांगितलं, "डायवरसाब, गाडी तुमची हाये. नेजा. आता टॅक्टर आला घरी. पन एक डाव इथी या, अन् नवा भात खाऊन जा."

बाबांनी मला हाक मारली. "घेऊन ये," ते म्हणाले. "पत्रा बदलू नका म्हणावं."

किमतीचं बोलणं लालसू आणि सत्तारभाईंनी झाडाखाली उभं राहून दोन मिनिटांत संपवलं. निघताना सोमीबाईने टोळीच्या तेलाची बाटली दिली. तेल कसं चोळायचं हे तिने मला दोनदा दाखवलं, कारण पहिल्या वेळी मी लक्ष देत नव्हते. मी मांडवाखालच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. चाकांच्या दोन खुणा तेवढ्या राहिल्या होत्या.

आठवड्याने ट्रकवरून जीप नाशिकला उतरली. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, भंगार कुठे ठेवायचं. बाबा हातात काठी न घेता खाली आले. आधी गाडीभोवती एक फेरी मारली, हात पत्र्यावरून फिरवत, कारण कडेचं त्यांना दिसत नाही. मग स्टिअरिंगवर बसले. डावा हात न चाचपडता लट्टूवर गेला. मी फोटो काढणार होते, काढला नाही.

थोड्या वेळाने ते उतरले, गुडघ्यावर बसले आणि फळीची कड उचलून तळाच्या गंजावर बोट घासलं. बोट लाल झालं. ते त्यांनी जिभेला लावलं. त्या वयात, सगळ्या सोसायटीदेखत.

"बाबा, अहो! काय हे. खारट लागतंय का?"

त्यांनी जरा वेळ चव घेतली.

"नाही गं," ते म्हणाले. "सगळं पोचलं."