टाकीवरच्या देवाखालची लांबी

गव्हाणच्या एका माणसाने मला फसवलं, आणि देवावर हात ठेवून फसवलं.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला पनवेलमध्ये जुन्या मोटारसायकली घेऊन विकायचा माझा धंदा होता. गॅरेजमध्ये चेनी धुण्यापासून मी वर आलो. पाठीशी ना बाप होता, ना भाऊ. जीभ तेवढी होती. भाव पाडण्यात मला कोणी हरवत नसे.

हा माणूस लाल गाडी घेऊन आला. टाकीच्या डाव्या अंगाला पंज्याएवढा देवाचा स्टिकर. चाकं, चेन, सीट, सगळ्यात खोट काढून झाल्यावर मी स्टिकरवर आलो.

"याच्याखाली काय लपवलंय?"

"देव हाय शेट. लपवायचं काय?" त्याने स्टिकरवर तळवा ठेवला. "याची शपथ, टाकीला कंपनीचाच रंग हाय. कुनी ब्रश लावला नाय."

आमच्याकडे लोक गाडीचं वय खोटं सांगतात, मालक किती झाले तेही खोटं सांगतात. पण देवावर हात ठेवून खोटं बोलणारा मी तोवर पाहिला नव्हता. म्हणून स्टिकरला नख लावलं नाही. उलट गाडी स्वस्तात पडली म्हणून दिवसभर खुशीत होतो.

गिऱ्हाईक तयारच होतं. एक शाळामास्तर. त्यांच्या शब्दावर त्यांच्या शाळेतल्या आणखी दोघांनी माझ्याकडून गाड्या नेल्या होत्या. मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं, रंग कंपनीचा आहे. ते म्हणाले, "घेतो. पण हा स्टिकर काढा. देवाला गुडघा लावून बसणं मला जमायचं नाही." आणि समोरच्या स्टुलावर बसले.

गाडी आधी उन्हात ठेवली. डिंक तापून मऊ झाल्यावर स्टिकरचा कोपरा उचलला, तर वरचा कागद चिंध्या होऊन आला आणि डिंक टाकीलाच राहिला. घाईवाला इथे थिनर ओततो. मग डिंक जातो आणि रंगही जातो. मी खोबरेल लावलं, थांबलो, मग रॉकेलच्या फडक्याने एका दिशेने पुसत गेलो. राहिलेल्या गोळ्या अंगठ्याने लोळवून काढल्या. तासभर गेला.

फडकं लाल झालं होतं.

कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग रॉकेलला सुटत नाही. मी बोटाने टाकी वाजवली. बाकी सगळीकडे पत्रा खणखणत होता, तिथे मात्र लाकडासारखा आवाज आला. खाली लांबी, म्हणजे पत्र्याचा पोचा बुजवायची पुट्टी, भरलेली होती, चांगली बोटभर जाड.

मास्तर उठले. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"गाडी हलवून सांगता तुम्ही टाकीत पेट्रोल किती आहे ते. आणि हे ठाऊक नव्हतं?"

मी शपथेचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि गेले. त्यांच्या शाळेतलं गिऱ्हाईक त्यानंतर माझ्याकडे फिरकलं नाही. मास्तर रस्त्यात भेटले तर मान हलवायचे, बोलायचे नाहीत.

मी त्याच दिवशी गव्हाणला गेलो. तो ओटीवर सुपारी कातरत होता. आवाज न चढवता म्हणाला, "शेट, तुमी धा खोटी काढल्या. शपथ घेतल्याबिगर सोडत व्हतात का? आनि तुमी गिऱ्हाइकाला सगलं खरंच सांगता जनू."

मी त्याची गचांडी धरली. शेजाऱ्यांनी सोडवलं. तो हसतच होता.

होय, मीही गिऱ्हाइकाला पुष्कळ काही सांगितलं आहे. पण त्या दिवशी मास्तरांना जे सांगितलं ते खरं समजून सांगितलं होतं, आणि नेमकं तेच खोटं ठरलं. गाडीचं नुकसान मी कधीच पचवलं. मास्तर थकले आहेत, पण अजून पनवेलात आहेत. तो माणूसही आहे; आता दुमजली घरात राहतो. त्याने मास्तरांच्या दारात जावं आणि स्वतःच्या तोंडाने सांगावं, लांबी मी भरली, दुकानदाराला ठाऊक नव्हतं. जाणार आहे की नाही, एवढं त्याने मला सांगावं.